चांदीची जीभ

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणी मला मोठा भक्त समजेल. आमची तनू तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. रेवदंड्याच्या अंगणवाडीतल्या ताईंनी तिचे कान तपासून घ्यायला सांगितलं होतं, आणि बायको तर उठता-बसता तेच म्हणायची. मी शाळामास्तर, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल पालकांना उपदेश करणारा. दोघींना माझं एकच उत्तर असे, "आमच्या घराण्यात मुलं उशिराच बोलतात."

लग्नानंतर फार वर्षांनी, माझे केस पिकायला लागल्यावर झालेली ही मुलगी. तिच्यात काही उणं आहे, हे ऐकून घ्यायची माझी तयारीच नव्हती. बाकी उपाय मात्र सगळे केले. वेखंड मधात उगाळून तिच्या जिभेला लावलं. पोपटाने टोचलेला पेरू शोधत शेजाऱ्यांच्या वाड्या पालथ्या घातल्या. नातेवाईक फोन करकरून नवा उपाय सांगत आणि जुन्याचं काय झालं ते विचारत. मला या सगळ्याचा, आणि खरं सांगायचं तर त्या मुलीचाही, वैताग आला होता. हाक मारली तर बघायची नाही, नको म्हटलं तर ऐकायची नाही. हट्टी आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

एका संध्याकाळी ती फाटक ढकलून रस्त्यावर धावली आणि समोरून अलिबागची रिक्षा आली. मी "थांब, थांब" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडलो. ती थांबली नाही. थांबला तो रिक्षावाला, हातभर अंतरावर. मी तिला उचललं आणि फाडकन तिच्या गालावर मारली. "बहिरी आहेस का?" असं माझ्याच तोंडून निघालं, आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. घरी येऊन मी आईच्या देखत बायकोला म्हणालो, "तूच तिला मोबाईल देऊन बसवतेस, म्हणून ती अशी झाली." बायको भाकरी थापत राहिली.

मग मी कुलदेवीला नवस बोललो. आमच्याकडे जो अवयव बरा व्हायला हवा, तो चांदीत घडवून देवीला वाहतात. सोनाराकडून बोटाच्या पेराएवढी जीभ करून घेतली आणि आम्ही तिघं निघालो. देवीचं देऊळ खाडीपलीकडे, दिघीच्याही पुढे. आगरदांड्याला पोचलो तर फेरीबोट डोळ्यांसमोर सुटली. पुढच्या बोटीची वाट बघत उन्हात बसलो. बायको म्हणाली, "दर्शन झालं की येताना कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या का?" मी म्हणालो, "देवीच्या वाटेवर तरी तेच नको लावूस."

पुढच्या बोटीत बाकावर समोर एक म्हातारी बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीत फडक्याने झाकलेली कोंबडी. तनू खाली बसून शेंगांची टरफलं रचत होती. बोट सुटताना अगदी आमच्या डोक्यावर भोंगा वाजला. मी स्वतः उडालो. शेजारची मुलं कानांवर हात ठेवून किंचाळली. कोंबडी टोपलीतून निसटून कुणाच्या तरी स्कूटरखाली शिरली, आणि एकच हशा झाला. तनू मात्र टरफलावर टरफल ठेवत होती.

म्हातारीने कोंबडी पकडून आणली, पदराखाली दाबली आणि तनूकडे बघत राहिली. "मास्तर हाव ना?" असं तिने मला विचारलं. खिशातल्या पेनावरून ओळखलं असावं. "होय," म्हणालो. "माजी कोंबरी दचकली, तुमी दचकलाव. ही पोर दचकली न्हाय. तिला आयकू येत न्हाय वाटतं."

मला इतका राग आला, की मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसलो. ती मागून म्हणाली, "रागावून काय व्हतंय, बाबा? पोरीचा बघ." दिघीला ती उतरून गेली. ती कुठली, कोण, मी विचारलंही नाही.

देवळात गर्दी नव्हती. गुरवाने तबक पुढे केलं, पण माझा हात खिशातच राहिला. मी तनूला घंटेखाली पाठमोरी उभी केली आणि सगळं बळ लावून घंटा वाजवली. गाभारा दणाणला. तनू समोरच्या पणतीकडे बघत होती. मी पुन्हा वाजवली. पुन्हा. शेवटी गुरव ओरडला, "अहो, पुरे! देवी जागी आहे." तेव्हा मी तिथेच फरशीवर बसलो. मी देवीला शरण आलोच नव्हतो. कुठला अवयव बरा करायचा, हे तिला सांगायला आलो होतो, तोही चुकीचा. सांगणं तिच्याकडून येत होतं ते अंगणवाडीतून, स्वयंपाकघरातून आणि आता एका कोंबडीच्या टोपलीमागून. जीभ तबकात ठेवली आणि म्हणालो, "आई, आता तू म्हणशील तसं."

पुढच्याच आठवड्यात मुंबईला तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, असं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी आणायला हवं होतं. पण आता एक दिवसही घालवू नका." आता तनूच्या कानांना यंत्रं आहेत. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही तिला नेतो. ती किती बोलेल, कुणालाच ठाऊक नाही. ती खटपट आमची, बाकीचं देवीचं. कधी आणि किती, अशी मुदत मी आता देवीला घालत नाही.

मुंबईहून परतलो त्या दिवशी बायको चुलीपाशी होती आणि आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. आईला उठून जायला मी सांगितलं नाही. जिच्या देखत बोललो होतो, तिच्याच देखत बोलायला हवं होतं. तनूला कडेवर घेतली, तिच्या त्याच गालावर हात ठेवला आणि बायकोला म्हणालो, "तनू तुझ्यामुळे अशी झाली, असं मी म्हणालो होतो. ते खोटं होतं. तू खरं सांगत होतीस आणि मी माझा मान सांभाळत बसलो. तुझा आणि हिचा, दोघींचा मी अपराधी आहे. मला माफ करा."