मुद्दाम टेकलेली पाठ

अजूनही तालमीवरून जायची वेळ आली, की माझी पाठ आपोआप ताठ होते. तिनं काय केलंय, ते तिला ठाऊक आहे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका तालमीत मी आणि माझा एक दोस्त, दोघंही मलकापूरकडचे. तो मोठी मैदानं मारणारा. मी त्याच्या सरावाचा जोडीदार. एका मैदानात हजारो माणसांपुढं कुस्तीच्या हौदात तो बघता बघता चीत झाला आणि तिथून बिघडला. जेवण तुटलं, झोप गेली. मालिश करताना एकदा म्हणाला, "हौदातल्या मातीत उतरलो की छाती आवळतीया. हात माझं वाटत न्हाईत."

माझ्या तळव्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं. मी म्हणालो, "पैलवान हाईस का नवी नवरी? थंडाई वाढीव."

दुसरं औषध आम्हाला माहीतच नव्हतं. मग मी माझ्या अकलेनं उपाय काढला. सरावात त्याच्याखाली मुद्दाम पडू लागलो. जिंकला की धीर येईल, एवढंच डोक्यात. वस्तादही खूश. "आलं बघा पोरगं जाग्यावर."

एका सकाळी मला चीत करून तो छातीवरून उठेचना.

"तू पडतोयस."

"खुळा का काय!"

"पाठ लागायच्या आधीच अंग सोडतोयस. मला कळतंय."

"तुझ्या डोक्यात कायतरी भरलंय," मी म्हणालो आणि हौदातली माती कपाळाला लावली. "ह्या मातीची आण. खरंच पडलो."

ती माती कपाळाला लावून आमच्यात कुणी खोटं बोलत नसे. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःवरचा सोडला.

पुढच्या मैदानात तो हौदाच्या काठावरच थांबला. लोक ओरडले, "ओ पावणं, आंघोळीला आलाय काय?" तो लंगोटावरच गर्दीतून निघून गेला. तालमीत परत आलाच नाही.

बऱ्याच वर्षांनी कागलच्या एमआयडीसीत दिसला, एका कारखान्याच्या फाटकावर, वॉचमनच्या कपड्यांत. त्यानं चहा सांगितला. चहा आल्यावर एकदम म्हणाला, "तवा पडत हुतास न्हवं?"

"व्हय."

चिडला असता, मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. तो नुसता स्वतःचे तळवे बघत राहिला.

"म्हंजे मला बराबर कळत हुतं की," तो म्हणाला. "तालीम सोडल्यावर डॉक्टरकडं गेल्तो, त्याला मी सांगिटलं हुतं, मला खोटंच कायबाय वाटतंय म्हणून."

तेवढ्यात ट्रक आला. त्यानं फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, कडी लावली. ओढून बघितली. पुन्हा ओढली.

"लागलीया न्हवं रं?"

"लागलीया," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि परत एकदा कडी ओढून बघितली.