मंगलाष्टकातली शिट्टी

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकाच्या ऐन मधे शिट्टी वाजली, आणि ती वाजवायला मीच सांगितलं होतं. (नकळत. पण हे आमच्या हिला अजून पटलेलं नाही.)

आमच्या घराण्यात मंगलाष्टक म्हणायचा मान ताराआत्याचा. कणकवलीपासून मुलुंडपर्यंत आमच्यातलं प्रत्येक लग्न तिच्याच आवाजात लागलेलं. मधे एका भाच्याने मात्र तिला न विचारता रेकॉर्ड लावून उरकलं, तेव्हापासून ती गप्पगप्प होती. म्हणून मुग्धाच्या लग्नात आत्याच गाणार, हे मी जाहीर करून टाकलं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, "शब्द माझे आणि चालही माझीच!"

नोटेशन लिहायचं एक अ‍ॅप मी नुकतंच शिकलो होतो. त्यातली पेटी मला फारच बेचव वाटली. मग मुलुंडला जाऊन आत्याच्या पेटीची एकेक पट्टी दाबून आवाज रेकॉर्ड केले आणि बोरिवलीला परत येऊन अ‍ॅपमध्ये भरले. सुरांच्या वाद्यांत ते जाईनात, म्हणून तालवाद्यांच्या खणात कोंबले. वाजलं मात्र झकास, साक्षात आत्याची पेटी! मी डोळे मिटून ऐकलं आणि तिला लिंक पाठवली.

"वाजतंय ना, आत्या?"

"वाजता रे. पण चाल जरा वेगळीच आसा."

"नवी आहे ना! जसं वाजतं तसंच बसव. एक मात्रा इकडची तिकडे नको."

"सगळा तसाच?"

"सगळं!"

मुग्धा म्हणाली, "बाबा, एकदा जाऊन ऐकून ये ना, यार." पण मांडवाआधी मंगलाष्टक कुणाला ऐकवायचं नाही, हा आत्याचा नियम.

लग्नाच्या दिवशी आत्या माईकपाशी उभी राहिली. सोबत तिच्या भजनी मंडळातल्या दोघी. एकीच्या हातात घंटा, दुसरीच्या गळ्यात शिट्टी. मला वाटलं, शिट्टी पार्किंगसाठी असेल.

अंतरपाट धरला गेला. आत्याने पहिली ओळ घेतली. फुर्रर्र! दुसरी ओळ. टण् टण्! पाहुण्यांना वाटलं, लागलं लग्न. निम्म्या अक्षता तिथेच उडाल्या. गुरुजींनी डोळे वटारले. आत्या मात्र एका मात्रेनेही चुकत नव्हती. आणि दुसऱ्या कडव्यात, ओळ अर्धी असतानाच, ती थांबली.

अंतरपाटामागून मुग्धाचा आवाज आला, "बाबा?"

मी आत्याकडे धावलो. "पुढे?"

"पुढे नाय. कितीदा लावा, हयसरच थांबता." तिने फोन माझ्या हातात दिला. "सूर काय गावले नाय, ते माझे घातलंय. ठोके तुझेच."

मी फोन कानाला लावला आणि माझी वाट लागली. आत्याच्या पेटीचे आवाज माझ्या कॉम्प्युटरातच राहिले होते! दुसऱ्याच्या फोनवर अ‍ॅप आपल्या पदरचे आवाज घालतं, आणि खण पडला तालाचा. म्हणून 'सा'ला शिट्टी अन् 'प'ला घंटा. वर फुकटच्या लिंकवर गाणंही अर्धंच वाजतं आणि शब्दही अर्धेच दिसतात. तशी सूचना होती खाली, बारीक अक्षरांत.

"मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले.

मला आत्याचा चेहरा बघवेना. इतक्या लग्नांत ती कधी अडली नव्हती, आणि आज अख्ख्या गोतावळ्यासमोर माझ्यामुळे अडली होती. फार वाईट वाटलं मला. पुढचे शब्द फक्त मलाच येत होते, म्हणून मी माईक घेतला.

मी गायलो. (हे क्रियापद सवलतीत वापरतोय.) वर आवाज फाटला, खाली तो सापडेना. अंतरपाट गदगदा हलत होता, कारण तो धरणारे दोघेही हसत होते. शिट्टीवाल्या बाईंनी मात्र शेवटपर्यंत साथ सोडली नाही. शेवटच्या 'सावधान'ला आत्याने माझ्या हातून माईक ओढून घेतला आणि असा सूर लावला, की उरलेल्या अक्षता योग्य वेळी योग्य डोक्यांवर पडल्या.

जेवताना ती म्हणाली, "मेल्या, चाल तूच लाव पुढच्या लग्नाक. पण ती माका पेटीवर येऊन शिकव."

माझे आवाज कुठे राहिले आणि लिंक कुठे थांबते, हे मी अजूनही प्रत्येक नातेवाइकाला समजावून सांगत असतो. कुणी ऐकत नाही. सगळे माझ्या गाण्याचा व्हिडिओ बघत असतात. तो मात्र कुठल्याही फोनवर, माझ्या मूळ आवाजात, अगदी शेवटपर्यंत वाजतो!