पोयीचं आवतन

माझ्या सासूबाई पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मातीच्या बैलांना जेवायला बोलावत. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात पाटावर जोडी मांडायची, खांद्यांना तूप-हळद लावायची आणि एकेकाच्या कानाशी वाकून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या पोयी जेवाले या." दर्यापूरकडच्या माहेरी त्यांचे वडील खऱ्या बैलांना असंच आमंत्रण देत. गाव सुटलं, बैल सुटले, आवतन मात्र कधी चुकलं नाही.

मी पुण्याची, त्यात मराठीची शिक्षिका. पुरणपोळीची 'पुरनपोयी' झाली की माझ्या कपाळाला आठी पडायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी धीर करून म्हटलं, "आई, पोळी म्हणा हो."

"तू म्हन पोळी, मले काई नाई. पन तुमच्या पुन्याच्या पोळीत पुरन शोधा लागते!"

पुढे अमरावतीच्या एका पाककला स्पर्धेत मीच त्यांचं नाव दिलं. परीक्षक बाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि माइक पुढे केला. "काय केलंय, आजी?"

"पुरनपोयी."

सभागृहात खसखस पिकली. "शुद्ध बोला की! पुरणपोळी म्हणा, लगेच पहिला नंबर देते."

बाई थट्टाच करत असतील, पण आईंचा चेहरा पार उतरला. शरमेनं मी त्यांच्या कानाशी लागले. "म्हणा ना एकदा. काय जातं?"

"काय जाते? मंग सनाले बैलाईले कोन्त्या तोंडानं बोलावू?" त्यांनी ताट उचललं आणि तरातरा बाहेर पडल्या.

अकोल्याच्या एसटीत त्यांनी पोळ्यांचा डबा उघडला. "घ्या जी, पुरनपोयी हाये." मूर्तिजापूर यायच्या आत डबा रिकामा झाला. कंडक्टरनं तर दोन खाल्ल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तासाभरापूर्वी मला त्यांची लाज वाटली होती. आता माझी वाटत होती.

यंदा आई नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जोडी काढली, तसे हे म्हणाले, "अगं, वर्ष सरेपर्यंत सण नसतो."

"सण नसू दे. आवतन चुकायचं नाही."

तूप-हळद लावली. वर्गात मुलांकडून 'ळ' घोटून घेणारी मी, बैलाच्या कानाशी वाकले. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. मग आईंच्या फोटोसमोर उभी राहिले.

"उद्या पोयी जेवाले या, आई."