अक्षतांनी मोटर जळत नाही

आमच्या घरात वॉशिंग मशीन आलं ते आत्यांच्या दुखण्यापायी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या गावात, उत्रोलीत, आम्ही सुना सासूला आत्याच म्हणतो. त्यांची डावी बाजू लुळी पडली, त्या अंथरुणाला लागल्या आणि रोज ओल्या चादरींचा ढीग पडू लागला. डायपरचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड फिरवत. यांना शिरवळच्या कंपनीत पाळीचं काम, मला भोरला कचेरी. चादरी पिळून पिळून माझी मनगटं कामातून गेली, तेव्हा यांनी भोरच्या बाजारातून वरून झाकण उघडणारं भारीतलं मशीन आणलं. इतकी महाग वस्तू आमच्या दारात त्याआधी एकच आली होती, ती म्हणजे ट्रॅक्टर.

त्या मशीनने मला माणसात आणलं. सकाळी चादर टाकायची, डबा भरायचा, आत्यांचं अंग पुसायचं, तोवर चादर पिळून तयार. मी ऑफिसात वेळेवर पोचू लागले आणि घरात माझा आवाजही जरा खाली आला, असं हे म्हणतात. ते काही खोटं नाही.

मागच्या दसऱ्याला आमच्या ओसरीवर रिवाजाप्रमाणे सगळी अवजारं मांडली. विळे, कोयते, खुरपी, दारात ट्रॅक्टर. झेंडूच्या माळा झाल्या, हळदीकुंकू झालं. एवढ्यात आतून आत्यांची हाक आली.

"इळ्या-कोयत्याला फुलं वाहता, आन् जे रोज माजी घाण धुतंय त्येला एक फूल न्हाई व्हय?"

यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून मोरीजवळ नेलं. त्यांनी उजव्या हाताने मशीनला कुंकू लावलं, मूठभर अक्षता घेतल्या आणि उघड्या झाकणातून देवावर टाकाव्यात तशा मनापासून टाकल्या. आमच्याच शेतातला इंद्रायणी तांदूळ. मी पोट धरून हसले. नंतर वेचायला गेले तर काही दाणे ड्रमच्या भोकांतून खाली गेलेले. जाऊ देत, तांदूळच तो, म्हणून मी झाकण लावलं.

दिवाळी सरली आणि एका सकाळी मशीनमधून जळका वास आला. ड्रम हलेना. कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले, मशीनची वॉरंटी संपली, आता येण्याचे पैसे पडतील. म्हटलं, या बाबा. आठवडाभराने पुण्याहून माणूस आला. त्याने मशीन आडवं केलं, खालचं झाकण काढलं, आणि पाच-सहा पिवळे दाणे तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले. मोटर जळलीय, म्हणाला. मोटरची वॉरंटी दहा वर्षांची असते हे मला दुकानदाराने सांगितलेलं आठवत होतं, तसं मी म्हटलं. तर तो म्हणतो, असते, पण तुम्ही आत तांदूळ टाकलेत, ही तुमची चूक, त्याला वॉरंटी लागत नाही. नवी मोटर विकत घ्या, नाहीतर मशीनच नवं घ्या.

हे तो मोरीत उभा राहून खणखणीत आवाजात बोलला. मोरी आणि आत्यांची खाट यांच्यामध्ये आमच्याकडे एक पडदा आहे फक्त.

आठवडाभर मी हाताने चादरी धूत होतेच, ते तसंच पुढे चालू राहिलं. पण दोन-चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. चादरी कमी निघत होत्या. आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग उशाचा तांब्या पाहिला. सकाळी भरून ठेवलेला, संध्याकाळी तसाच. आत्यांचे ओठ सुकले होते, जीभ कोरडी पडली होती. ताप आला तेव्हा भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पोटात जात नाही म्हणून लघवीत जंतू झालेत. असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल, या वयात ते झेपायचं नाही.

घरी येऊन मी तांब्या घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि चांगलीच तडकले. तुम्हाला मरायचंय का, असंही बोलून गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन म्याच मोडलं. आता तू हातानं किती धुशील? माजं मी बघती."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्या माणसाचा. उचलली जीभ लावली टाळ्याला! मूठभर तांदळाने मोटर जळते, तर भातगिरणीच्या मोटरा कशा चालतात?

मी कंपनीला पुन्हा फोन केला आणि एवढंच मागितलं की, तांदळामुळे मोटर जळली हे मला लेखी द्या. पलीकडचा आवाज गोड होता, पण लेखी म्हटल्यावर तो अडखळला. तसं आम्ही देत नाही, मॅडम. का देत नाही, ते काही सांगता येईना. तेव्हाच मी ओळखलं, इथे पाणी मुरतंय.

हे म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हटलं, शहाणे तुम्ही, तुम्ही चढू नका. तशी कोर्टापर्यंत वेळ आलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत मी सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून तक्रार नोंदवली. त्या म्हणाल्या, मशीनची वॉरंटी संपली म्हणून मोटरची संपत नाही. चूक तुमची आहे असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते त्यांनी दाखवून द्यायला हवं, नुसतं तोंडाने म्हणून चालायचं नाही. फोन ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा पाठीवर कुणाचा तरी हात असल्यासारखं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला, यावेळी त्यांच्याकडून. दुसरे गृहस्थ आले, जरा वयस्क. त्यांनी जळकी मोटर बाहेर काढून पाहिली. आतली तार जळाली होती, तांदळाचा एक कणही तिथवर पोचला नव्हता, पोचायला वाटच नव्हती. मोटरच सदोष होती, असं त्यांनी कागदावर लिहून सही केली. नवी मोटर कंपनीची, मजुरी आमची, असं ठरलं.

कागद हातात आला. पण मला कागदाचं काय लोणचं घालायचं होतं! मी त्यांना म्हटलं, पडद्याआड चला, हेच आमच्या आत्यांना सांगा, आणि त्या माणसाने सांगितलं होतं तेवढ्याच मोठ्याने सांगा.

ते बिचारे संकोचत खाटेजवळ गेले. "आजी, तुमच्या अक्षतांनी काही बिघडलेलं नाही. मोटर आमचीच खराब होती."

आत्यांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "ह्ये तुमाला हिनं शिकवलं का?"

ते हसले. म्हणाले, सूनबाईंनी शिकवलं असतं तर मी सही केली नसती. आत्यांनी डोळे पुसायला उजवा हात वर नेला. मी चहा टाकायला उठले.

मोटर बसली. ड्रम फिरल्याचा आवाज खाटेपर्यंत गेला, तशी त्यांनी मला हाक मारली आणि पाणी मागितलं. मी पेला पुढे केला, तर म्हणाल्या, तांब्याच दे. मी मानेखाली हात घालून त्यांना उठतं केलं. त्या थांबत थांबत प्यायल्या, हनुवटीवरून पाणी ओघळलं, पदर भिजला, तरी थांबल्या नाहीत. तांब्या रिकामा झाला.

सकाळी चादर चिंब ओली होती. ओली चादर बघून माझ्या जिवाला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.