सोडलेल्या ओळी

"साईं, हळू. मशीन ऐकते."

असं म्हणत तो उजवा हात वर करायचा आणि काहीही न बोलणारा मी उगाचच ओशाळायचो. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या त्याच्या बराकीत माझे जवळजवळ दोन वर्षांचे रविवार खर्ची पडले. माझा त्यात काही दोष नव्हता.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तो फिटर होता आणि मी ऑफिसात कारकून. साहेबांनी विलायतेहून एक टेपरेकॉर्डर आणला होता. त्यांनी त्यात पत्रं बोलून ठेवायची आणि टायपिस्टनं ती ऐकून उतरवायची, अशी योजना. महिन्याभरात यंत्र बंद पडलं. यानं ते खोललं, दुरुस्त केलं आणि बक्षीस म्हणून रविवारपुरतं घरी न्यायची परवानगी मागितली. साहेब हो म्हणाले, पण सोबत ऑफिसचा एक जबाबदार माणूस हवा, अशी अट घातली. जबाबदार माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही तो. तुमच्याही ऑफिसात असा एक असेलच. आमच्याकडे तो मी होतो.

मग दर रविवारी सकाळी टांगा. मशीन माझ्या मांडीवर. खड्डा आला की त्याला धक्का लागू नये म्हणून मी गचके खायचो. बराक लष्कराची जुनी, मधे गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांनी खोल्या पाडलेल्या. पडद्यापलीकडे दिवसभर पापड लाटले जात. वाजवायला बसण्याआधी हा सहाही खोल्यांत हात जोडून जायचा आणि पाच मिनिटं मागून घ्यायचा. लाटणी थांबत. मग दिव्याच्या होल्डरमधून ओढलेल्या वायरीवर मशीन सुरू व्हायचं आणि हा खाटेवर बसून गिटार मांडीवर घ्यायचा.

त्या वाद्याचं आमच्याकडे तेव्हा नवलच होतं. टांगेवाला त्याला सतार म्हणे, आमचा शिपाई फिडल. सिंधमधून येताना लोकांनी भांडी आणली, अंथरुणं आणली. यानं गिटार आणली. एकटाच असल्यामुळे घरात जाब विचारणारं कुणी नव्हतं.

वाजवायचा ती सगळी दुसऱ्यांची गाणी. सिनेमातली, रेडिओवरची, शेजारणींची लग्नातली. एकदा ऐकलं की पुढच्या रविवारी फितीच्या स्पूलवर हजर. नुसतं भरून त्याचं समाधान होत नसे, ते कुणाला तरी ऐकवायला हवं असे. एकदा आम्ही मशीन बदलापूरला आमच्या हेडक्लार्कांच्या घरी नेलं. त्यांच्या आईनं पूर्वी गुणगुणून दाखवलेली भूपाळी त्यानं भरली होती. ती ऐकून आजींनी मशीनलाच नमस्कार केला.

स्पूलचं शेवटचं गाणं मात्र विचित्र होतं. एक ओळ वाजायची, मग तेवढाच वेळ काहीच नाही. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. हेडक्लार्कांनी मशीनवर टिचकी मारली आणि बिघडलं वाटतं, असं म्हणाले.

"बिघडलं नाही," तो म्हणाला, "तिथे जागा सोडली आहे."

आजी त्या जागेत काही गुणगुणू लागल्या, तर यानं चक्क हात वर करून त्यांनाही थांबवलं. मला फार राग आला. फराळाच्या बशा अजून हातात होत्या.

परतताना बदलापूरच्या फलाटावर बाकावर बसून मी त्याला खडसावलं. तेव्हा त्यानं सांगितलं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ सिंधमध्ये लग्नांत वाजवत. हे गाणं दोघांचं होतं, एक ओळ याची, एक त्याची. कराचीच्या बंदरावर गर्दीत भाऊ हातातून सुटला. कुठल्या कॅम्पात आहे, आहे की नाही, काहीच कळलं नव्हतं.

मी कारकुनी सल्ला दिला, कार्डं टाका.

"टाकली, साईं. त्या नावाचे प्रत्येक कॅम्पात दहा आहेत. एकाने लिहिलं, मीच तुझा भाऊ, मला घेऊन जा. गेलो, तर म्हातारा माणूस. त्याचापण भाऊ हरवलेला." मग तो म्हणाला, "पत्राला कोणीपण उत्तर देते. ह्या जागेत काय वाजते, ते त्यालाच माहीत."

पुण्याला, कोल्हापूरला, देवळालीला कुणी सिंधी व्यापारी निघाला की हा त्याच्याजवळ एक स्पूल द्यायचा. लोक ऐकायला बसावेत म्हणून आधी सिनेमाची गाणी आणि शेवटी हे. प्रत्येक स्पूलसाठी तो सगळी गाणी पुन्हा वाजवी. आता तिकडे ऐकायला मशीन कुठून असणार? कोल्हापूरचा स्पूल परत आला तो निम्माच. उरलेल्या फितीनं तिथल्या दुकानदारानं मिठाईचे पुडे बांधले होते. मला हसू आवरेना. यानं शांतपणे स्पूल तपासला. गुंडाळीच्या आतल्या बाजूचं गाणं शाबूत होतं.

"म्हणून तर शेवटी ठेवतो," तो म्हणाला.

मग देवळालीहून पत्र आलं. ते त्यानं ऑफिसात माझ्या टेबलाशी उभं राहून, सिंधीतलं मराठीत समजावत वाचून दाखवलं. तिथल्या एका डॉक्टरांकडे मशीन होतं. त्यांनी दवाखान्यात स्पूल लावला. शेवटचं गाणं लागलं तेव्हा औषधाला आलेली एक बाई पहिल्या रिकाम्या जागेत गुणगुणली. दुसऱ्या जागेतही, तिसऱ्याही. नेमकी थांबायची तिथे थांबत होती. तिचा नवरा घरी गिटारवर हे गाणं वाजवी, पण अर्धंच. एक ओळ वाजवून गप्प बसे, गुडघ्यावर बोटांनी ताल धरी आणि मग पुढची वाजवी. मधल्या ओळी तो विसरला असावा, असं तिला वाटे. नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता.

एवढं वाचून त्यानं पत्राची घडी घातली आणि फायर बकेट वाळूनं भरायची राहिली आहे म्हणून निघून गेला. मी दिवसभर एकाच कागदाकडे बघत बसलो.

तो देवळालीला जाऊन चार दिवसांनी आला, तो नोकरी सोडायलाच. भावजयीला दुसरं कुणी नव्हतं. निघण्याआधीच्या रविवारी त्यानं मशीन मागितलं. या वेळी साहेबांकडे मीच शब्द टाकला.

सवयीप्रमाणे तो सहाही खोल्यांत हात जोडून आला. लाटणी थांबली. पण त्यानं नवं गाणं भरायला मशीन लावलं नाही. कोल्हापूरचा निम्मा स्पूल चढवला. त्यातून त्याची स्वतःची ओळ वाजली, आणि जागा आली तशी त्यानं मांडीवरच्या गिटारवर भावाची वाजवली. मग मशीन, मग तो. ते गाणं मी शंभरदा ऐकलं असेन, पूर्ण ऐकलं ते त्या दिवशी. मला गलबलून आलं, आणि ते मी लपवलं नाही.

संपल्यावर मी म्हणालो, हे भरून ठेवायला हवं होतं.

"कसं ठेवणार, साईं?" तो म्हणाला. "मशीन वाजत होती. वाजताना तिला ऐकू येत नाही."

पलीकडे लाटणी पुन्हा सुरू झाली. मी मशीन मांडीवर घेऊन एकटाच टांग्यात बसलो. वाटेत टांगेवाला सतारवाल्या साहेबांची चौकशी करू लागला. मी उजवा हात वर केला.