उघड्या कडीच्या मालकीणबाई

एकतीस वर्षं बाइंडरबाईंनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीशेजारच्या बाकड्यावर बसून पानं जुळवायची, सुई घालायची, दोरा ओढायचा. पुस्तकावर लेखकाचं नाव असे, प्रकाशकाचं असे, चित्र काढणाऱ्याचंही असे. वाचताना पानं हातात येत नाहीत ती कुणामुळे, हे मात्र कुठेच छापलेलं नसे. हा सल बाईंच्या मनात खोल होता आणि तो त्या रोज जेवताना वर काढत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. बाईंचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घरात आधीच सतरा घड्याळं होती आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"आता मी स्वतःचं काहीतरी करणार आहे," बाईंनी जाहीर केलं. "ज्याला माझं नाव लागेल असं."

"कर की," डोळ्याचं भिंग न काढता नवरा म्हणाला. "फक्त माझ्या टेबलावर नको."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी धागाकाम मंडळ भरायचं. कुणी क्रोशा घेऊन येई, कुणी भरतकाम, कुणी मॅक्रमेच्या जाडजूड दोऱ्या. पण मान होता तो टॅटिंगला, कारण अध्यक्षबाई टॅटिंग करत. त्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि असणार तरी कसं? त्यांनी ते कुणाला धड शिकवलंच नव्हतं.

बाइंडरबाईंनी अर्थात टॅटिंगच धरलं. बोटाएवढ्या होडीसारख्या शटलवर दोरा गुंडाळायचा, दुसरा हात दोऱ्यात अडकवायचा आणि गाठीशेजारी गाठ मारत जायचं. शेवटी दोरा ओढला की गाठींची माळ मिटते आणि गोल कडी होते. अशा कड्या जोडत गेलं की झाली लेस. खुबी एकच. गाठ मारताना ती एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उलटून पडली पाहिजे. नाही पडली तर कितीही ओढा, कडी मिटत नाही. चुकलेली गाठ उसवायला जावं तर डोळे जातात.

बाईंची गाठ चार महिने उलटली नाही. टोपलीभर दोरा कात्रीखाली गेला.

"तुमचा हात पडला पुस्तकं शिवायचा," अध्यक्षबाई गोड आवाजात सगळ्यांसमोर म्हणाल्या. "याला जरा नाजूक मनगट लागतं. तुम्ही पायपुसणी का नाही करत?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यांनी न मिटलेल्या कड्यांचा ढीग समोर ओतला आणि क्रोशाची सुई उचलली. प्रत्येक कडीचं तोंड त्यांनी क्रोशाच्या साखळीने सांधलं, खाली मॅक्रमेच्या गाठींची झालर सोडली. जे तयार झालं ते टॅटिंग नव्हतं, क्रोशा नव्हता, मॅक्रमेही नव्हतं, पण दिसायला खरोखरच देखणं होतं. बाईंनी त्याला 'उघडी कडी' असं नाव दिलं. चार महिने जी चूक होती, ती त्या दुपारपासून तंत्र झाली.

मग घरावर संकट कोसळलं. टॉवेल, उशा, पाण्याच्या बाटल्या, नवऱ्याचं स्टूल, कशाचीही सुटका नव्हती. सूनबाई एकदा टीव्हीपुढे हताश उभी राहिली.

"आई, रिमोटची बटणं दिसत नाहीत हो."

"दिसायला कशाला हवीत? चाचपून बघ. पहिल्या कडीखाली आवाज, झालरीपाशी चॅनल."

टेबलावर अंथरायची उघड्या कडीची एक लांब पट्टी घेऊन बाई मंडळात गेल्या. अध्यक्षबाईंनी ती उलटसुलट पाहिली. "अडाणी काम आहे," त्या म्हणाल्या, "पण गंमत आहे. कसं केलंत, दाखवा बरं." बाईंनी हुरळून दाखवलं. "पुन्हा एकदा." पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा अध्यक्षबाईंनी चष्मा बदलून पाहिलं.

दोन महिन्यांनी रविवारच्या पुरवणीत अध्यक्षबाईंचा मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'अर्धचंद्र टॅटिंग: एका कलावतीचा अभिनव शोध'. कल्पना त्यांना म्हणे बागेत फिरताना सुचली होती.

नवऱ्याने मजकूर भिंगातून दोनदा वाचला. "तुझं नाव नाहीये गं यात."

"दिसतंय मला!"

बाई तशाच चपला घालून अध्यक्षबाईंच्या दारात जाऊन थडकल्या. अध्यक्षबाई जराही विचलित झाल्या नाहीत. "कल्पना हवेत असतात हो," त्या म्हणाल्या. "कधी कुणाच्या डोक्यात उतरतील, काय सांगावं?"

"तुमच्या डोक्यात उतरायच्या आधी ती माझ्या टेबलावर पसरलेली होती," बाई म्हणाल्या. पण दार लागलं होतं.

अध्यक्षबाईंनी वर्ग काढले. चाळीस जणी अर्धचंद्र शिकल्या. स्टेशनसमोर नवं हॉटेल उघडत होतं, तिथून शंभर नॅपकिनच्या लेसचं काम आलं. ते झालं, पोचलं, वाहवाही झाली.

पुढच्याच गुरुवारी हॉटेलचे मॅनेजर वाचनालयाचा जिना चढून आले. हातात प्लास्टिकची बादली होती. ती त्यांनी टेबलावर उपडी केली. आत ओल्या दोऱ्याचा एक भलामोठा गुंता होता आणि त्यात शंभर नॅपकिन मासळीसारखे अडकले होते.

"धुवायला टाकली तेव्हा ही लेस होती," मॅनेजर म्हणाले. "हे कुणाचं काम?"

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि पडल्याही दोन-चार. अध्यक्षबाई सावकाश उठल्या. चेहऱ्यावर त्यागाचं तेज होतं.

"आज मला खरं सांगितलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "हे तंत्र मुळात माझं नाहीच. ते बाइंडरबाईंचं आहे. ज्याचं श्रेय त्याला मिळायला हवं."

बाइंडरबाईंच्या जागी कुणीही शहाणी बाई असती तर पुरवणीचं कात्रण काढून पुढे केलं असतं. ते पर्समध्येच होतं. पण बाईंना ऐकू आलं ते फक्त स्वतःचं नाव. त्या उभ्या राहिल्या, कॉलर सारखी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हो! माझंच आहे! नाव लिहून घ्या साहेब."

"मला नाव नको, बाई. मला लेस हवी," मॅनेजर म्हणाले.

तेव्हा कुठे बाई भानावर आल्या. बादली घेऊन त्या घरी आल्या आणि न विचारता नवऱ्याचं टेबल आणि भिंग दोन्ही ताब्यात घेतलं. घरचे टॉवेल तीस-तीस वेळा धुऊनही शाबूत होते, मग हे का सुटलं? तासाभराने उलगडा झाला. क्रोशाच्या साखळीचा शेवटचा फास मोकळा राहिला की सगळी साखळी सरसर सुटत जाते. बाईंच्या कामात प्रत्येक टोकाला सुईचा बारीक टाका आणि पुस्तकाच्या शिवणीतली पक्की गाठ होती. ती त्यांच्या हाताने आपोआप मारली होती. आपण असं काही करतो हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, मग अध्यक्षबाईंना त्या काय दाखवणार?

"म्हणजे तिने घड्याळ उचललं, पण चावी इथेच राहिली," नवरा म्हणाला. त्या आठवड्यात बाईंनी त्याला दोनदा आयतं जेवण वाढलं.

मंडळातल्या सहा जणींना हाताशी घेऊन बाईंनी सहा आठवड्यांत शंभर नॅपकिन नव्याने केले. त्याच काळात एकदा शटल फिरवताना गाठ अचानक अलगद उलटली, दोरा ओढताच कडी मिटली, अगदी वाटोळी आणि निर्दोष. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि कात्रीने ती पटकन कापून टाकली. अध्यक्षबाई तब्येतीचं कारण सांगून मातीची भांडी करायच्या वर्गाला जाऊ लागल्या. तिथल्या लोकांना अजून काही कळवलेलं नाही.

मॅनेजरांनी एका नॅपकिनची लेस सगळा जोर लावून ओढून पाहिली. हलली नाही. त्यांनी बाईंना नवऱ्यासह चहाला बोलावलं. चहा येईतो शेजारच्या टेबलावरचा एक जाडजूड माणूस नॅपकिनने शर्टावरचं सूप खसाखसा पुसू लागला. बाईंना राहवेना. त्या उठून त्याच्यापाशी गेल्या.

"साहेब, जरा जपून. उघडी कडी आहे ती."

माणूस दचकला आणि त्याने मागे वळून पाहिलं. "कुठली? बाथरूमची?"

बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी पहिल्या गाठीपासून समजावायला सुरुवात केली. त्याचं सूप निवलं. इकडे नवऱ्याने आपला चहा संपवला, मग बाईंचाही.