पुढाऱ्यांची पत्रिका

आमचे हे निवडणुकीत पडले आणि संक्रांत माझ्या स्वयंपाकघरावर आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांना मिळून ह्यांच्या पक्षाचा एकच अध्यक्ष होता आणि तो म्हणजे हे. पक्षच एवढासा, त्याला दोन अध्यक्ष आणायचे कुठून? मी बारामतीत शाळेवर होते म्हणून बिऱ्हाड बारामतीत. ह्यांचं गाव आणि भाऊबंद मात्र इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या बाजूला. तिथूनच हे जिल्हा परिषदेला उभे राहिले होते. सासऱ्यांच्या काळापर्यंत आमच्यात मेंढरं होती, त्यामुळे पायाला भिंगरी घराण्यातच. असा माणूस निकाल लागल्यावर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घालून तीन आठवडे घरात बसला.

बसला म्हणजे नुसता बसला असता तरी चाललं असतं. ह्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मी शाळेतून आले की हळद सापडेना. दुसऱ्या दिवशी धोब्याच्या हिशेबाची वही तपासली, तिसऱ्या दिवशी चहात आलं जास्त पडतंय म्हणाले. पंचवीस वर्षं तोच चहा पीत होते, तेव्हा जीभ कुठं गेली होती कोण जाणे. अधूनमधून फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे.

मी विचारलं, "कुणाला लावताय?"

"कुणाला न्हाय. चालू हाय का बघतोय."

फोन चालू होता. वाजत नव्हता, एवढंच. मला राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. प्रचारात आमच्या ओट्यावर चपलांना जागा पुरायची नाही, आता तिथं शेजारणीचं मांजर ऐसपैस झोपत होतं.

मग एके दिवशी ह्यांनी राजीनामा लिहिला. जिल्हा कार्यालयाला, अध्यक्षपदाचा. एका पानात चार ओळी आणि खाली सही. "लोकांना आपली गरज न्हाय, मग खुर्ची कशाला अडवायची," म्हणाले. मी म्हटलं, टाका की पोस्टात. पाकीट आणतो, आणतो म्हणत तो कागद घडी घालून ह्यांच्या शर्टाच्या खिशात तसाच राहिला. एकदा तो कागद गेला की हा माणूस कायमचा माझ्या डब्यांत शिरणार, या धास्तीनं मलाही झोप येईना. खरं सांगायचं तर डब्यांचं निमित्त होतं. ह्यांना असं बसलेलं मला बघवत नव्हतं.

त्यातच लासुर्ण्याच्या आबाच्या मुलीचं लग्न आलं. आबा म्हणजे प्रचारात टेम्पोला भोंगे बांधून गावोगाव फिरलेला ह्यांचा कार्यकर्ता. पत्रिका द्यायला स्वतः घरी आला, ह्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, "तात्या, याचं लागतंय." पत्रिकेवर अक्षतांची वेळ होती दहा वाजून पस्तीस मिनिटं.

आमच्या भागातली लग्नं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना एक सांगायला हवं. आमच्याकडं भटजीपेक्षा माईकवाला मोठा. कोण पुढारी आले, कोण वाटेत आहेत, हे तो गावाला सांगत राहतो आणि पुढारी आल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत. एकेका पुढाऱ्याला दिवसात सहा-सहा लग्नं. हे तर कुठल्याच लग्नाला वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही. नवरानवरी घामानं निथळतायत, पोरं रडतायत, आणि हे जीपमधून उतरून हात जोडत स्टेजवर चढायचे अन् वर वीस मिनिटं बोलायचे. मी बायकांत बसून मान खाली घालायची.

आता हे म्हणायला लागले, "मी न्हाय येत. पडलेल्या माणसाचं नाव माईकवर कोण घ्यायला बसलंय? ही पत्रिकाबी जुन्या यादीवरनं आली असंल."

"नाव घ्यायला नका येऊ, जेवायला या," मी म्हटलं. "आणि वेळेवर चला. पडलेल्या माणसासाठी कुणी थांबत नसतं."

हे मी रागात बोलले, आणि बोलल्यावर जीभ चावली. पण ह्यांनी मुकाट पांढरा शर्ट घातला आणि राजीनाम्याची घडी त्याच्या खिशात सरकवली.

प्रचाराची जीप मागून आणलेली, ती केव्हाच परत गेली होती. सकाळी लवकरची इंदापूर एस.टी. धरली. लासुर्ण्यात उतरून मांडवाशी पोचलो तेव्हा दहा वाजत होते. मांडवात चिटपाखरू नव्हतं. माईकसुद्धा आला नव्हता. मागं चुलवणावर सुप्याहून आलेला आचारी आणि त्याची बायको, बस्स. आबा म्हणे वऱ्हाडाला आणायला पुढं गेलाय.

तेवढ्यात आबाची बहीण घरातून बाहेर आली आणि आम्हाला बघून दारातच थबकली. "बाई, तुमी आत्ताच? अक्षता साडेबाराला हायत्या."

मी पर्समधली पत्रिका काढून दाखवली. तिनं ती बघितली आणि तोंडाला पदर लावला. मग आतून तिची पत्रिका आणली. तोच गणपती, तीच नावं, तोच छापखाना. वेळ मात्र बारा वाजून पस्तीस.

"ती पुढाऱ्यांची पत्रिका हाय," ती हळूच म्हणाली. "सगळीच तशी छापत्यात. दोन तास आधीची वेळ घालायची, म्हंजी ते वेळेवर येत्यात."

मला हसू आवरेना. म्हणजे इतकी वर्षं सबंध तालुका ह्यांना खोट्या वेळा सांगत होता आणि ह्यांना पत्ता नव्हता. त्या खोट्या वेळेवर पोचलेला पहिला पुढारी बहुतेक आमचाच. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आणि आता पुढारी नसताना मिळाली," म्हणाले. "जुनी यादी. मी म्हणलं नव्हतं?"

माझं हसू तिथंच थांबलं.

अडीच तास काढायचे होते. मला नवरीच्या खोलीत ओढून नेलं, कारण शालू नीट नेसवायला बाईच हव्यात असं तिचं म्हणणं. पाचवीपर्यंत आजोळी, बारामतीत राहून माझ्याच हाताखाली शिकली होती. हे मागं चुलवणाकडं गेले. मागच्या खिडकीतून मला आचाऱ्याचा आवाज येत होता. त्यानं ह्यांना ओळखलं नव्हतं.

"पाव्हणं, रिकामं उभं ऱ्हाऊ नका. ह्यो कांदा घ्या."

ह्यांनी घेतला. थोड्या वेळानं आचारी म्हणाला, "हात बरा हाय तुमचा. काय करता?"

"सध्या काय न्हाय."

"मग या की माझ्या संगट. लग्नसराई हाय, माणूस मिळंना."

ह्यावर हे हसले. तीन आठवड्यांनी ऐकलेलं ते हसणं. माझ्या हातातल्या निऱ्या सुटल्या.

साडेबारा वाजून गेले. मांडव भरला होता, अक्षता वाटून झाल्या होत्या, नवरदेव पाटावर उभा होता. पण नवरीला बोलावणं येईना. माईकवाला सांगत होता, "पाहुण्यांनी दम धरावा. आपले तात्या वाटेत आहेत. तात्या आले की अक्षता."

मला वाटलं, असेल दुसरा कुणीतरी तात्या, मोठा माणूस. निवडून आलेले साहेब असतील. पुढच्या खिडकीतून डोकावले तर निवडून आलेले साहेब पहिल्या रांगेत हार घालून घड्याळ बघत बसलेले. पंधरा मिनिटं झाली. परत तेच, तात्या वाटेत आहेत. बायका पदरानं वारा घेत त्या तात्याला नावं ठेवायला लागल्या. मीही त्यांच्यात होते. म्हटलं, ही काय रीत झाली?

नवरी मुंडावळ्या सावरत माझ्याकडं बघायला लागली. "बाई, तुमच्याच घरच्यांसाठी थांबल्यात. आबा म्हणल्यात, तात्या आल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाय."

मी तशीच मागच्या दारानं चुलवणाकडं धावले. हे कढईपुढं उभे, कमरेला पोत्याचा तुकडा बांधलेला, कोपरापर्यंत बेसन. भजी तळत होते.

"अहो, ऐकू येत नाही का? कधीचं बोलावतायत."

"तालुक्यात तात्या काय थोडं हायत? दुसऱ्या कुणाला तरी बोलवत असतील."

"तुम्हालाच. सगळं लग्न थांबलंय तुमच्यासाठी."

हातातला झारा तसाच राहिला. "माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

ह्यांनी दंडानं डोळे पुसले. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

मांडवात शिरले ते त्याच अवतारात. आबा मांडवाच्या तोंडाशी रस्त्याकडं डोळे लावून उभा होता; आम्ही दहालाच आलोय हे बहिणीनं गडबडीत त्याला सांगितलंच नव्हतं. मागून हे आले तर त्याला ओळखूच येईनात. मग त्यानं ह्यांच्या बेसनाच्या हाताला धरून चढवलंच वर. हे त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. माईक जवळ होता, सगळ्यांनी ऐकलं.

"आबा, पत्रिका जुन्या यादीवरची होती ना?"

"जुनी कुठली? निकालानंतर छापल्यात," आबा म्हणाला. "पुढाऱ्यांच्या सहा. तुमची पयली."

माईकवाल्यानं माईक पुढं केला. वीस मिनिटांची सवय असलेला माझा नवरा एवढंच बोलला, "मी दहापासनं हितंच हाय. धरा अंतरपाट." मांडव हसला, पहिल्या रांगेतले साहेबही हसले. मीही हसले, पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

पंगतीत बुंदी बायकांपर्यंत पोचता पोचता संपली. परतीच्या एस.टी.त मी कुरकुर केली तशी ह्यांनी खिशातून एक पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आचाऱ्यानं खास दिली म्हणे. मी ती उलगडली. बुंदीच्या तुपात राजीनामा निथळत होता. चार ओळींतल्या दीड ओळी वाचता येत होत्या, सही तर पार फुटली होती.

 मी बुंदी खाल्ली आणि कागद खिडकीतून सोडून दिला.

"परवा बावडा गावात लग्न हाय," हे म्हणाले. "किती वाजता?"

"पत्रिकेत साडेदहा आहे."

"म्हंजी साडेबारा." मग म्हणाले, "तरी पण दहालाच जाऊ. आचारी त्योच हाय, त्याला माणूस मिळंना."